‘रिव्हर ऑटर’ या इंग्रजी संज्ञेचा अर्थ आणि व्यवहार

१

परभाषेतील प्राणिनामांचा अर्थ लावताना अभ्यासकाची दिशाभूल बहुधा अवघड शब्दांमुळे होत नाही. अवघड शब्द आला की तो कोश उघडतो. खरा धोका असतो तो सोप्या वाटणाऱ्या शब्दांत, कारण त्यांचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे असे गृहीत धरून तो पुढे जातो. ‘रिव्हर ऑटर’ ही इंग्रजी संज्ञा या प्रकारातली आहे. ‘रिव्हर’ म्हणजे नदी, ‘ऑटर’ म्हणजे पाणमांजर. तेव्हा ‘रिव्हर ऑटर’ म्हणजे ‘नदीतील पाणमांजर’, अशी ही सरळ बेरीज आहे, आणि बहुतेक वाचकांचे तिने समाधान होते.

परंतु इंग्रजी भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला की ही बेरीज तीन ठिकाणी चुकते. अलास्काच्या किनाऱ्यावर राहणारे, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मासे आणि खेकडे पकडून जगणारे एक पाणमांजर इंग्रजीत ‘रिव्हर ऑटर’च म्हटले जाते. उलट, इंग्लंडमधील नद्यांत प्राचीन काळापासून वावरणाऱ्या पाणमांजराला इंग्रज माणूस ‘रिव्हर ऑटर’ असे क्वचितच म्हणतो. तो त्याला नुसते ‘ऑटर’ म्हणतो. आणि हीच दोन पदे मोठ्या आद्याक्षरांनी लिहिली तर त्यांतून प्राणी नाहीसा होतो व डेव्हन परगण्यातील एक नदी उभी राहते. समुद्रात राहणारा प्राणी या नावात समाविष्ट होतो, नदीत राहणारा वगळला जातो, आणि कधी कधी प्राणीच उरत नाही, अशी जिची स्थिती आहे, त्या संज्ञेचा अर्थ घटकपदांच्या बेरजेतून निघणार नाही, हे उघड आहे.

प्रस्तुत टिपणातील प्रतिपादन थोडक्यात असे : ‘रिव्हर ऑटर’ या समासातील ‘रिव्हर’ हे पद प्राण्याचे वसतिस्थान सांगण्यासाठी आलेले नसून त्याला दुसऱ्या एका प्राण्यापासून वेगळे काढण्यासाठी आलेले आहे. आपल्याकडील शास्त्रकारांच्या परिभाषेत बोलायचे तर हे विशेषण स्वरूपदर्शक नाही, व्यावर्तक आहे. व्यावर्तक विशेषणाचा अर्थ नेहमी त्याच्या जोडीदारावर अवलंबून असतो. आणि तो जोडीदार जेथे नाही तेथे ते विशेषण एक तर गळून पडते, नाही तर निव्वळ रूढीने टिकून राहते.

२

प्रथम मूळ नामाचा विचार करणे इष्ट होईल. ‘ऑटर’ हा शब्द इंग्रजीच्या आद्य अवस्थेपासून तिच्यात आहे. प्राचीन इंग्रजीत त्याची रूपे ‘ओतोर’, ‘ओतेर’ अशी आढळतात. जर्मन ‘ओट्टर’, लिथुएनियन ‘ऊद्रा’, रशियन ‘विद्रा’, अवेस्ता-भाषेतील ‘उद्र’ आणि संस्कृत ‘उद्र’ हे सर्व शब्द एकाच कुळातले असून त्यांचे मूळ पाणी या अर्थाच्या शब्दाशी निगडित आहे. संस्कृत ‘उदक’ आणि इंग्रजी ‘वॉटर’ हे शब्दही त्याच मुळाचे विस्तार होत. ग्रीक भाषेत हेच मूळ ‘ह्युद्रा’ या रूपाने पाणसर्पाकडे वळले. यजुर्वेदसंहितांत अश्वमेधाच्या पशूंची जी यादी येते तीत उद्राचाही समावेश आहे.

याचा अर्थ असा की, ‘ऑटर’ या शब्दाच्या पोटातच पाणी आहे. मात्र भाषा व्युत्पत्ती फार काळ लक्षात ठेवीत नाही, आणि एकदा ती विसरली गेली की तोच अर्थ पुन्हा विशेषणाने सांगितला जातो. अवेस्तेतील वेंदिदादमध्ये उद्राच्या हत्येबद्दल कठोर प्रायश्चित्त सांगितले आहे. तेथे ‘उद्र’ शब्दाला ‘पाण्यात राहणारा’ या अर्थाचे विशेषण जोडलेले आढळते. ज्या शब्दाचा मूळ अर्थच ‘पाण्याचा’ असा होता, त्याला पुन्हा ‘पाण्यातला’ म्हणण्याची गरज त्या काळीही भासली. हे उदाहरण येथे मुद्दाम नोंदवले आहे, कारण ‘रिव्हर ऑटर’मध्येही अशीच द्विरुक्ती झाली आहे असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात या दोन विशेषणांची कार्ये भिन्न आहेत. वेंदिदादमधील विशेषण प्राण्याचे वर्णन करते. इंग्रजीतील विशेषण दोन प्राण्यांची वाटणी करते.

जुन्या इंग्रजी वाङ्मयात ही वाटणी दिसत नाही. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात फाल्स्टाफ खाणावळीच्या मालकिणीला ‘ऑटर’ म्हणतो. त्या थट्टेचा आधार एवढाच की, या प्राण्याची गणना कोठे करावी हे माणसाला उमगत नाही. तो धड जलचरांत बसत नाही आणि धड भूचरांतही बसत नाही. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ मधील ‘द कम्प्लीट अँग्लर’ या मासेमारीविषयक ग्रंथातही ऑटर हा पशू मानावा की मासा, हा जुना वाद विनोदाने उपस्थित केला आहे. या लेखकांपुढचा प्रश्न पाणी की जमीन हा होता. नदी की समुद्र हा प्रश्न त्यांना पडलेला नव्हता, आणि म्हणून त्यांच्या ‘ऑटर’ला विशेषणाची गरजही नव्हती.

३

ती गरज निर्माण झाली उत्तर पॅसिफिक महासागरात. १७४१-४२ मध्ये बेरिंगच्या मोहिमेबरोबर गेलेल्या गेओर्ग श्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने तेथील एका सागरी प्राण्याचा तपशीलवार अभ्यास केला. त्याचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १७५१ मध्ये प्रसिद्ध झाले. रशियन व्यापारी या प्राण्याला ‘समुद्रातील बीव्हर’ या अर्थाच्या नावाने ओळखत. पुढे जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीतील खलाशांनी १७७८ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर त्याची कातडी मिळवली, आणि ती कॅन्टनच्या बाजारात अनपेक्षित किमतीला विकली गेली. १७८४ मध्ये या सफरीचा वृत्तान्त छापून आल्यावर ब्रिटिश व अमेरिकन जहाजे त्या किनाऱ्याकडे वळली. इंग्रजीत ‘सी ऑटर’ ही संज्ञा व्यापाऱ्याच्या वहीपासून निसर्गशास्त्राच्या ग्रंथापर्यंत ठळकपणे वावरू लागली ती या व्यापाराच्या ओघात.

‘सी ऑटर’ हा प्राणी अनेक बाबतींत वेगळा आहे. तो जवळजवळ सर्व आयुष्य समुद्रात काढतो, पाठीवर तरंगत अन्न खातो, पिलांना पाण्यातच जन्म देतो, आणि त्याच्या अंगावरील केसांइतके दाट केस दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्याला नाहीत. याच किनाऱ्यावर त्याचा एक लहान नातलगही राहत होता. तो बीळ करतो जमिनीवर, पण मासे धरण्यासाठी समुद्रातही उतरतो. व्यापाऱ्याला दोन्ही प्राण्यांची कातडी विकावयाची होती आणि त्यांचे भाव वेगळे होते. तेव्हा दोन नावांची निकड उत्पन्न झाली.

येथे एक महत्त्वाचा पुरावा हाती येतो. या लहान नातलगाला केवळ ‘रिव्हर ऑटर’ म्हटले जात नसे. केसाळ कातड्यांच्या व्यापारात आणि अलास्कात त्याला ‘लँड ऑटर’ असेही नाव रूढ झाले, आणि अलास्कातील इंग्रजीत ते अद्याप ऐकू येते. एकाच प्राण्याला एक जण ‘नदीचा’ म्हणतो आणि दुसरा ‘जमिनीचा’ म्हणतो. नदी आणि जमीन हे शब्द एरवी परस्परांचे पर्याय नाहीत. तरीही या ठिकाणी ते एकमेकांच्या जागी येऊ शकतात, याचे कारण दोघांनाही सांगावयाचे आहे ते एकच : हा समुद्रातला तो प्राणी नव्हे. शब्दाचा अर्थ इतरांच्या व्यावृत्तीने सिद्ध होतो, हे दिङ्नागाचे अपोहमत सर्व शब्दांना लागू पडते की नाही हा वाद बाजूला ठेवू. ‘रिव्हर ऑटर’मधील ‘रिव्हर’ला मात्र ते तंतोतंत लागू पडते.

मराठी वाचकाला हे समजण्यास दूर जाण्याचे कारण नाही. ‘गोडे पाणी’ या शब्दप्रयोगातील ‘गोडे’ हे पद साखरेची गोडी सांगत नाही. ते पाणी खारे नाही एवढेच सांगते. ‘गोडे तेल’ चाखून पाहणाऱ्याला त्यात माधुर्य सापडणार नाही. यंत्रमाग आला नव्हता तोवर ‘माग’ हा शब्द पुरेसा होता. यंत्रमाग आल्यानंतर जुन्या मागाला ‘हातमाग’ म्हणावे लागले. वस्तू तीच राहिली, तिच्या शेजारी दुसरी येऊन उभी राहिली, आणि म्हणून जुन्या वस्तूचे नाव लांबले. ‘रिव्हर ऑटर’ हे नाव याच रीतीने लांबलेले आहे.

हे लांबणे उशिराचे आहे, याची साक्ष अमेरिकेतील स्थलनामे देतात. व्हरमाँटमधील ‘ऑटर क्रीक’, मिनेसोटातील ‘ऑटर टेल’ ही नावे नुसत्या ‘ऑटर’ शब्दावर उभी आहेत. ऑड्युबन आणि बॅकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उत्तर अमेरिकेतील चतुष्पादांवर जो मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही या प्राण्याचे नाव ‘कॅनडा ऑटर’ असे आहे. म्हणजे त्या काळी विद्वानांना भेद दाखवावयाचा असला तरी तो देशनामाने दाखविता येत असे. आज मात्र उत्तर अमेरिकेत ‘रिव्हर ऑटर’ हेच प्रमाणनाम झाले आहे. मिसूरी हे राज्य समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तेथे १९८२ मध्ये या प्राण्याच्या पुनर्वसनाला आरंभ झाला तो ‘रिव्हर ऑटर’ याच नावाने. तेथे ‘सी ऑटर’शी घोटाळा होण्याची शक्यता नाही, तरीही विशेषण टिकले. व्यावर्तक म्हणून जन्मलेले पद आता नावाचा अविभाज्य अवयव झाले आहे.

४

ब्रिटनमधील व्यवहार याच्या उलट दिशेचा आहे. तेथे रानात आढळणारी पाणमांजराची जात एकच, शास्त्रीय नावाने ‘लुत्रा लुत्रा’. ‘सी ऑटर’ हा प्राणी फक्त उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर राहतो. तो ब्रिटनच्या आसपासही नाही. जोडीदार नसल्यामुळे तेथे विशेषणाचे कामच उरत नाही. हेन्री विल्यमसनची १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टार्का द ऑटर’ ही कादंबरी डेव्हनमधील टॉ आणि टॉरिज या नद्यांच्या परिसरात घडते. नदी ही त्या कथेची जवळजवळ दुसरी नायिका आहे, तरी शीर्षकात ‘रिव्हर’ हा शब्द नाही, आणि असता तर तो इंग्रज वाचकाला खटकला असता. त्यातला प्राणी नदीच्या उगमाकडील ओहोळांपासून खाडीपर्यंत आणि खाडीतून समुद्रकिनाऱ्यापर्यंत फिरतो. लेखकाला त्याला नदीचा किंवा समुद्राचा ठरविण्याची आवश्यकता वाटत नाही. ‘ऑटर’ या एका शब्दात त्याचा सर्व संचार सामावतो.

गॅव्हिन मॅक्सवेलच्या ‘रिंग ऑफ ब्राइट वॉटर’ या १९६० मधील ग्रंथाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यातील मिजबिल हे पाणमांजर इराकमधील दलदलीच्या प्रदेशातून आणलेले, आणि ते राहते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऐन समुद्राच्या काठी. जातीने ते ‘लुत्रोगाले पर्स्पिसिलाता’ या प्रकारातले होते. मॅक्सवेलच्याच नावाने त्याची उपजात नोंदली गेली. दलदल, समुद्रकाठ आणि परदेशी जात असे सर्व असूनही मॅक्सवेलच्या गद्यात तो प्राणी ‘ऑटर’च राहतो. हीच जात भारतातही सर्वत्र पसरलेली असून गोव्यात मांडवीच्या मुखाकडील खारफुटीच्या प्रदेशातही ती आढळते. तिला ‘रिव्हर ऑटर’ म्हणावे तर खाडीचे काय करावयाचे, आणि न म्हणावे तर नदीचे काय, असा पेच स्वरूपदर्शक अर्थ धरणाऱ्याला पडेल. व्यावर्तक अर्थ धरणाऱ्याला तो पडत नाही.

विशेषण नसल्याचे तोटेही आहेत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आणि शेटलंड बेटांवर पाणमांजरे समुद्रात शिकार करतात. ती पाहणारे कित्येक लोक सद्हेतूने त्यांना ‘सी ऑटर’ म्हणतात. घटकपदांची बेरीज केली तर ते बरोबर ठरते. भाषेच्या प्रमाण व्यवहारात ते चूक आहे. नद्यांतील आणि किनाऱ्यावरील ही पाणमांजरे एकाच जातीची आहेत. हान्स क्रूक यांच्या शेटलंडमधील संशोधनातून या संदर्भात एक सूक्ष्म गोष्ट पुढे आली. समुद्रात शिकार करणाऱ्या या पाणमांजरांना केसांतील मीठ धुऊन काढण्यासाठी गोड्या पाण्याची डबकी लागतात. मीठ साचले तर केसांतील हवेचा थर टिकत नाही आणि थंडीपासून संरक्षण होत नाही. ‘सी ऑटर’ला अशी गरज पडत नाही. म्हणजे ‘रिव्हर’ हे पद वसतिस्थान सांगण्यात अपुरे पडत असले तरी गोड्या पाण्याशी असलेले एक नाते त्याच्या पाठीशी आहे. संज्ञा सर्वस्वी पोकळ आहे असे म्हणणे म्हणूनच अतिरेकाचे होईल.

५

शास्त्रीय लेखनात तरी ही संज्ञा स्थिर असेल, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक आहे. पण तेथेही तिची व्याप्ती किमान तीन प्रकारची आढळते. संकुचित अर्थाने ती ‘लोंट्रा कॅनडेन्सिस’ या एकाच उत्तर अमेरिकी जातीची वाचक आहे. मध्यम अर्थाने ती अमेरिका खंडांतील ‘लोंट्रा’ या प्रजातीला लावली जाते. व्हॅन झिल द याँग यांनी १९७२ मध्ये उत्तर, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील पाणमांजरांचा जो वर्गीकरणात्मक आढावा प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात ‘रिव्हर ऑटर्स’ हे अनेकवचन याच अर्थाने आले आहे. व्यापक अर्थाने ‘सी ऑटर’ वगळून उरलेली जगातील सर्व पाणमांजरे तिच्यात येतात.

मध्यम अर्थ घेतला की एक विसंगती उभी राहते. चिली आणि पेरू या देशांच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणारी ‘लोंट्रा फेलिना’ ही जात पूर्णतः सागरी आहे, व इंग्रजीत तिला ‘मरीन ऑटर’ असे नाव आहे. वंशाने ती ‘रिव्हर ऑटर’च्या कुळातली, वृत्तीने समुद्राची, आणि तरीही ती ‘सी ऑटर’ नव्हे. ‘सी’ आणि ‘मरीन’ या दोन शब्दांचा अर्थ कोशात एकच असला तरी येथे ते दोन भिन्न प्राण्यांचे वाचक आहेत. पर्यायशब्दांचा असा कडक विभक्त वापर केवळ रूढीच करू शकते.

व्यापक अर्थाची अडचण याहून मोठी आहे. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवर आधारलेल्या अलीकडील अभ्यासांनी, विशेषतः २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोप्फ्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने, असे दाखविले आहे की ‘सी ऑटर’ हा युरोप, आशिया व आफ्रिका येथील पाणमांजरांना जवळचा असून अमेरिकी ‘लोंट्रा’ कुळ त्यांच्यापासून आधीच वेगळे झाले आहे. म्हणजे इंग्लंडच्या नदीतील पाणमांजराचा निकटचा नातेवाईक पॅसिफिकमधील ‘सी ऑटर’ ठरतो. मिसूरीतील ‘रिव्हर ऑटर’ त्या मानाने दूरचा. तेव्हा ‘रिव्हर ऑटर’ आणि ‘सी ऑटर’ ही विभागणी निसर्गातील वंशवृक्षाची नाही. ती माणसाच्या व्यवहाराची आहे, आणि त्या व्यवहाराचा आरंभ कातड्यांच्या बाजारात झाला आहे.

आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. ‘पंकज’ हा शब्द योगरूढ, कारण चिखलात जन्मणाऱ्या अनेक वस्तूंपैकी कमळावरच तो स्थिरावला. तथापि कमळ चिखलात जन्मते हेही खरेच राहिले. ‘मंडप’ हा शब्द रूढ, कारण पेज पिण्याच्या व्युत्पत्त्यर्थाशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. ‘रिव्हर ऑटर’ची प्रवृत्ती ‘पंकजा’कडून ‘मंडपा’कडे चाललेली दिसते. मिसूरीत अवयवार्थ पुष्कळसा जिवंत आहे, अलास्काच्या किनाऱ्यावर तो क्षीण झाला आहे. एकच संज्ञा प्रदेशपरत्वे या दोन अवस्थांत असू शकते, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

६

आता तिसऱ्या अडचणीकडे, म्हणजे नदीकडे, वळता येईल. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात ब्लॅकडाउन टेकड्यांत उगम पावून डेव्हनमधून वाहत बडली सॉल्टर्टन येथे समुद्राला मिळणारी ‘ऑटर’ नावाची नदी आहे. पाणमांजरांचा प्रवाह, हाच तिच्या नावाचा मूळ अर्थ. तिच्या काठच्या ऑटरी सेंट मेरी या गावी १७७२ मध्ये कोलरिजचा जन्म झाला, आणि या नदीला उद्देशून त्याने एक सुनीत लिहिले. त्याच्या शीर्षकात ‘रिव्हर ऑटर’ ही दोन पदे लागोपाठ येतात. परंतु तेथे संबोधन आहे ते नदीला.

हा घोटाळा इंग्रजी वाचकाचा होत नाही, त्याला तीन कारणे आहेत. पहिले पदक्रमाचे. ब्रिटनमध्ये नदीच्या नावाआधी ‘रिव्हर’ हा शब्द येतो : ‘रिव्हर टेम्स’, ‘रिव्हर ऑटर’. अमेरिकेत तो नावानंतर येतो : ‘हडसन रिव्हर’. अमेरिकन माणसाच्या तोंडी नदीचे नाव ‘ऑटर रिव्हर’ झाले असते, आणि प्राण्याचे ‘रिव्हर ऑटर’. दुसरे कारण आघाताचे. प्राणिवाचक समासात प्रमुख आघात ‘रिव्हर’वर पडतो, नदीच्या नावात तो ‘ऑटर’वर पडतो. तिसरे कारण लेखनाचे : विशेषनामाची आद्याक्षरे मोठी असतात.

देवनागरीत मोठी आद्याक्षरे नाहीत, आणि लिखित शब्दात आघात उमटत नाही. त्यामुळे तिन्हींपैकी दोन खुणा लिप्यंतरात नाहीशा होतात आणि तिसरी, पदक्रमाची, मराठी वाचकाला अपरिचित असते. २०१५ ते २०२० या काळात या नदीवर बीव्हर प्राण्यांच्या पुनर्वसनाचा एक प्रयोग झाला. त्याचे इंग्रजी नाव ‘रिव्हर ऑटर बीव्हर ट्रायल’. चार नामांच्या या ओळीत एक नदी, एक प्राणी आणि एक प्रयोग आहे. केवळ घटकपदांवर विसंबणाऱ्याला मात्र तीत दोन प्राणी दिसतील. ‘ऑटर नदीवरील बीव्हर-प्रयोग’ असा तिचा विग्रह करण्यासाठी समासाचे नियम पुरत नाहीत; ती नदी आहे हे ज्ञान लागते. समासाच्या अर्थनिर्णयात लोकज्ञानाचा वाटा किती मोठा असतो, याचा यापेक्षा नेटका दाखला मिळणे कठीण.

७

ही सर्व चर्चा केवळ शब्दच्छल आहे, असा आक्षेप येऊ शकेल. त्याला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण नावाची किंमत कधी कधी प्राण्याला मोजावी लागते. अमेरिकेच्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात ‘सी ऑटर’चा समावेश आहे. त्याच समुद्रात शिकार करणारा ‘रिव्हर ऑटर’ त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. अलास्कात तो सापळे लावून पकडण्यास अनुज्ञा असलेल्या प्राण्यांत मोडतो. या भेदाला शारीरिक व संख्याशास्त्रीय कारणे आहेत, हे मान्य करूनही नावाने निर्माण होणारी समजूत वेगळीच राहते. मार्च १९८९ मध्ये अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ या जहाजातून खनिज तेल सांडले. तेलाने माखलेला ‘सी ऑटर’ हे त्या दुर्घटनेचे जगभर पोहोचलेले चित्र ठरले. त्याच किनाऱ्यावरील ‘रिव्हर ऑटर’ही तेलाच्या तावडीत सापडले होते, आणि त्यांच्यावरील परिणामांचा संशोधकांनी पुढे कित्येक वर्षे अभ्यास केला. परंतु समुद्रातील तेलाने ‘नदीच्या’ प्राण्याला इजा झाली, हे वाक्य सामान्य वाचकाला आजही समजावून सांगावे लागते. नावातील व्यावर्तक पद वर्णन म्हणून वाचले गेल्याचा हा परिणाम होय.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमनात हा धोका ओळखलेला दिसतो. संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील करारात, जो १९७५ पासून अमलात आहे, प्राण्यांची नोंद शास्त्रीय नावांनी केलेली असते. उत्तर अमेरिकी ‘रिव्हर ऑटर’ तेथे दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याचे एक प्रमुख कारण त्याचे कातडे अधिक संकटात असलेल्या इतर पाणमांजरांच्या कातड्यासारखे दिसते, हे होय. ज्या बाजाराने ही नावे घडविली त्याच बाजारावर नजर ठेवताना लोकव्यवहारातील नावावर विसंबता येत नाही.

या पार्श्वभूमीवर कोशकारांच्या रीतीची परीक्षा करता येते. ‘नद्यांमध्ये राहणारे पाणमांजर’ एवढीच व्याख्या देणे अव्याप्तीचा दोष ओढवून घेते, कारण किनाऱ्यावरील प्राणी तीत येत नाही. आणि अतिव्याप्तीचाही, कारण इंग्लंडमधील प्राणी तीत येतो पण तेथील भाषा त्याला हे नाव देत नाही. केवळ ‘लोंट्रा कॅनडेन्सिस’ असे शास्त्रीय नाव देऊन थांबणेही अपुरे आहे. त्याने व्यक्ती ओळखता येते, व्यवहार कळत नाही. चांगल्या नोंदीत तीन गोष्टी अवश्य असाव्यात : ही संज्ञा मुख्यतः उत्तर अमेरिकी इंग्रजीची आहे, ती ‘सी ऑटर’शी असलेल्या विरोधातून अर्थ मिळविते, आणि ब्रिटिश इंग्रजीत तिच्या जागी नुसते ‘ऑटर’ येते. व्युत्पत्ती व वसतिस्थान यांची माहिती त्यानंतर द्यावी.

८

मराठीत या संज्ञेचा अनुवाद कसा करावा, हा प्रश्न शेवटी उरतो. येथे दोन मोह टाळावयास हवेत. पहिला मोह व्युत्पत्तीचा. ‘ऑटर’ आणि ‘उद्र’ सगोत्र आहेत. ‘उद्र’वरून ‘ऊद’ आला. हिंदीत ‘ऊदबिलाव’ हा शब्द आजही पाणमांजराचाच वाचक आहे. तेव्हा मराठीत ‘ऊदमांजर’ हाच समर्पक प्रतिशब्द, असे अनुमान कोणीही करील. परंतु आजच्या मराठीत ‘ऊदमांजर’ हा शब्द सामान्यतः झाडांवर व घरांच्या आढ्यांवर वावरणाऱ्या ताडमांजराला लावला जातो. पाण्याचे नाव धारण करणारा शब्द मराठीत झाडावर चढला. भाषेच्या इतिहासात तो शब्द पाणमांजराचा होता हे खरे असले तरी आजच्या वाचकापुढे त्या शब्दाने भलताच प्राणी उभा राहील. व्युत्पत्ती ही शब्दाची वंशावळ सांगते, त्याचा आजचा पत्ता सांगत नाही.

दुसरा मोह शब्दशः अनुवादाचा. ‘पाणमांजर’ या मराठी शब्दात पाणी उघडपणे आहेच. त्याच्या आधी ‘नदीतील’ हे विशेषण ठेवले की वाचक ते वर्णन म्हणूनच घेईल, कारण ‘सागरी पाणमांजर’ हा जोडीदार त्याच्या अनुभवविश्वात नाही. म्हणून मूळ लेखनाचा संदर्भ पाहून निर्णय करावा, हेच युक्त. उत्तर अमेरिकेतील जातीचा निर्देश असेल तेथे ‘उत्तर अमेरिकी पाणमांजर’ म्हणावे. ब्रिटिश किंवा भारतीय संदर्भात नुसते ‘पाणमांजर’ पुरे. जेथे मूळ लेखकाने ‘सी ऑटर’ आणि ‘रिव्हर ऑटर’ यांचा मुद्दाम विरोध योजला असेल तेथेच ‘सागरी पाणमांजर’ आणि ‘नदी-पाणमांजर’ अशी जोडी वापरावी, आणि ती जोडीनेच वापरावी. डेव्हनमधील नदीसाठी ‘ऑटर नदी’ असा मराठी पदक्रम ठेवला म्हणजे संदिग्धता आपोआप मिटते.

इंग्रजी वाङ्मयाच्या व भाषांतरविद्येच्या विद्यार्थ्याला या एका संज्ञेतून एक व्यापक सूत्र हाती लागते. परभाषेतील विशेषण समोर आले की ते काय सांगते हे विचारण्यापूर्वी ते कोणाला वगळते हे विचारावे. वगळलेला प्राणी, वस्तू किंवा कल्पना जर आपल्या भाषेच्या परिसरात नसेल, तर ते विशेषण जसेच्या तसे आणल्याने अर्थ येत नाही, केवळ शब्द येतो. ‘रिव्हर ऑटर’मधील ‘रिव्हर’ हा असा शब्द आहे. अनुवादकाने पार करावयाचे अंतर त्या शब्दापासून मराठीतील ‘नदी’पर्यंतचे नाही, ते पॅसिफिकच्या ज्या किनाऱ्यावर दोन प्राण्यांची नावे वेगळी करावी लागली, त्या किनाऱ्यापर्यंतचे आहे.